जुन्या गाडीच्या सीट काढणं आणि बसवणं: खरं काम सीटखाली असतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी वीस-पंचवीस वर्षं जुनी. पुढच्या दोन्ही सीटचा फोम दबला आहे आणि ड्रायव्हरची सीट वळणावर किंचित डुलते. त्याच मॉडेलच्या बऱ्या अवस्थेतल्या सीट मिळत आहेत. दुसऱ्या गाडीच्या जास्त आरामशीर सीटही बसतील, असं कुणीतरी सुचवलं आहे. हे काम घरच्या घरी जमेल का, आणि कशाची काळजी घ्यावी?

घरी जमतं. सुट्या भागांच्या संख्येकडे पाहिलं तर गाडीवरच्या सोप्या कामांमध्ये ते मोडतं: बहुतेक गाड्यांत एका सीटला चार बोल्ट आणि दोन-तीन वायरींचे जोड असतात. पण सोपं दिसतं म्हणूनच ते हलक्यात घेतलं जातं. टक्कर झाली की माणसाला जागेवर धरून ठेवतात ते सीट आणि पट्टा मिळून, आणि या दोघांचा सगळा भार शेवटी त्या चार-सहा बोल्टमधून तळाच्या पत्र्यात उतरतो. अंदाज येण्यासाठी एक हिशोब करून पाहा. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून साधारण ६० सेंटिमीटरांत थांबली, तर वेग कमी होण्याचा सरासरी दर गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट येतो. ७५ किलोच्या माणसासाठी हे बळ १२,००० न्यूटन भरतं, म्हणजे सव्वा टन वजन लटकावल्याइतकं. पट्ट्याचं बकल सीटच्या सांगाड्यालाच लावलेलं असेल, तर त्यातला मोठा वाटा सीटच्या बोल्टवर येतो. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस २०७ या नियमात सीटची जोडणी सीटच्या स्वतःच्या वजनाच्या २० पट बळ सोसेल अशी अट आहे, आणि पट्टा सीटला जोडलेला असेल तर पट्ट्याचा भारही त्याच वेळी धरावा लागतो. म्हणून माझा आग्रह असा, की आवरण, रंग, फोम यांवर जेवढा वेळ घालवाल त्याच्या दुप्पट वेळ बोल्ट, रेल (सीट ज्यांवर पुढे-मागे सरकते त्या पट्ट्या) आणि पत्रा यांना द्या.

आधी डुलणाऱ्या सीटबद्दल बोलतो, कारण तो दोष नव्या सीटने जाईलच असं नाही. दार उघडून गाडीबाहेर, सीटच्या बाजूला बसा. एका हाताने सीटची पाठ धरून पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे हलवा. दुसऱ्या हाताची बोटं एकेका जागी ठेवत जा: बोल्टच्या डोक्यावर, वरची आणि खालची रेल जिथे एकमेकींत सरकतात तिथे, पाठीच्या बिजागराशी, आणि बोल्टभोवतीच्या पत्र्यावर. जिथे हालचाल बोटांना जाणवेल तिथे दोष. बोल्ट ढिला असणं हे सगळ्यात सोपं कारण, पण जुन्या गाडीत ते क्वचितच एकटं असतं. रेलमधले नायलॉनचे तुकडे किंवा गोळ्या झिजलेल्या असतात, सांगाड्याचं एखादं वेल्डिंग तडकलेलं असतं, किंवा एका बाजूच्या रेलचा दात खाचेत पूर्ण बसत नाही. पत्राच हलत असेल तर मात्र थांबा. बोल्टभोवती बारीक चिरा असल्या किंवा नटाखालचा पत्रा गंजून पातळ झाला असला, तर कितीही चांगली सीट आणा, ती तशीच डुलणार. तिथे आधी पत्र्याचं काम.

आता काढण्याकडे वळतो. गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलं सीटचं पान मिळवाच. त्यात तीन गोष्टी असतात ज्या अंदाजाने करू नयेत: बोल्टचं माप आणि दर्जा, टॉर्कचा (म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचा) आकडा, आणि एअरबॅगसाठी बॅटरी सोडल्यावर थांबायचा वेळ.

क्रमाला इथे फार महत्त्व आहे, विशेषतः सीट विजेवर चालणारी असेल तर. बॅटरी आधी सोडली की सीट जिथे आहे तिथेच अडकते आणि तिच्याखालचे दोन बोल्ट झाकलेले राहतात. म्हणून आधी हेडरेस्ट काढा, सीट पूर्ण मागे न्या आणि पुढचे दोन बोल्ट फक्त सैल करा. मग पूर्ण पुढे आणून मागचे दोन सैल करा. बोल्टवर प्लॅस्टिकच्या टोप्या असतात. जुन्या टोप्या ठिसूळ होतात, तेव्हा चपट्या स्क्रू ड्रायव्हरने एका कोपऱ्यातून झटका न देता दोन्ही बाजूंनी थोडं थोडं उचला. चारही सैल झाले की सीट मध्यावर आणा. त्या जागी दोन्ही रेलची टोकं जवळपास समान बाहेर असतात आणि सीट उचलताना तोल सांभाळता येतो. मगच बॅटरी. रेडिओला कोड लागत असेल तर तो हाताशी आहे ना, हे बॅटरी सोडण्याआधी पाहा.

बॅटरीचं ऋण टोक आधी सोडा आणि ते परत टेकणार नाही असं बाजूला बांधा. त्यानंतर एअरबॅगचा मुद्दा. सीटच्या कडेला बसवलेली एअरबॅग पहिल्यांदा व्होल्वो ८५० मध्ये, १९९५ च्या मॉडेलपासून आली. त्यामुळे त्याहून जुन्या गाडीच्या सीटमध्ये एअरबॅग सापडण्याची शक्यता जवळपास नाही, पण नव्वदच्या दशकाच्या शेवटापासूनच्या गाड्यांत ती आहे असं धरूनच चाला. सीटच्या बाहेरच्या कडेला शिवलेली छोटी पट्टी किंवा प्लॅस्टिकवर कोरलेली खूण दिसते. सीटखाली पिवळा जोड किंवा पिवळं आवरण असलेली वायर दिसली की ती एअरबॅगची किंवा पट्टा खेचून घट्ट करणाऱ्या यंत्रणेची समजा. ही यंत्रणा बकलच्या दांडीखालच्या छोट्या नळकांड्यात असते आणि तिच्यातही स्फोटक भरलेलं असतं.

बॅटरी सोडल्यावरही एअरबॅगच्या मुख्य पेटीतल्या कपॅसिटरमध्ये काही काळ ऊर्जा शिल्लक राहते. कंपन्या त्यासाठी काही मिनिटं थांबायला सांगतात. आकडा गाडीगणिक वेगळा असतो आणि मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. मी स्वतः निदान दहा मिनिटं थांबतो, आणि मॅन्युअलमध्ये जास्त सांगितलं असेल तर तेवढा वेळ. त्यानंतर गाडीच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा आणि मगच पिवळे जोड सोडा. त्या जोडांवर मल्टिमीटर लावू नका. वायर चालू आहे का हे पाहायला मीटर स्वतःचा थोडा विद्युतप्रवाह सोडतो, आणि तिथे तो सोडायचा नाही. जोड सुटलेले असताना किल्ली फिरवू नका. फिरवली तर पेटीत दोषाची नोंद होते आणि नंतर सगळं नीट जोडलं तरी डॅशबोर्डवरचा दिवा स्कॅनर लावून ती नोंद पुसेपर्यंत विझत नाही.

विजेची सीट आधीच बंद पडलेली असेल तर तिला सरकवायचं कसं, हा प्रश्न जुन्या गाडीत हमखास येतो. बहुतेक वेळा मोटार ठीक असते आणि तिच्यापासून रेलपर्यंत जाणारी लवचिक केबल तुटलेली किंवा निसटलेली असते. मोटार काढून केबलचं टोक हाताने किंवा संथ फिरणाऱ्या ड्रिलने फिरवता येतं. दोन्ही बाजूंच्या केबल सारख्याच फेऱ्या फिरवा, नाहीतर एक रेल पुढे आणि एक मागे अशी सीट वाकडी अडकते.

गंजलेल्या बोल्टसाठी वेळ राखून ठेवा, कारण जुन्या गाडीत खरी अडचण इथेच येते. पुष्कळ गाड्यांत सीटचा बोल्ट वरून तळाच्या पत्र्यात किंवा आडव्या पट्टीत वेल्ड केलेल्या नटमध्ये शिरतो आणि त्याचं टोक गाडीखाली उघडं राहतं. वर्षानुवर्षं त्या टोकावर चिखल आणि पाणी बसतं. वरून बोल्ट फिरवायला लागलो की तो सुरुवातीला छान सुटतो, आणि मग ते गंजलेलं, चिखल भरलेलं टोक नटच्या आट्यांमध्ये ओढलं जाऊन मधेच घट्ट अडकतं. अशा वेळी जोर लावला की एक तर बोल्ट तुटतो, नाहीतर नटचं वेल्ड सुटून नट जागेवर गरगर फिरायला लागतो. म्हणून पाना लावण्याआधी गाडी जॅकवर उचला, पक्क्या स्टँडवर टेकवा, आणि खालून त्या टोकांना तारेचा ब्रश मारून आट्यांमधली घाण पूर्ण काढा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका. मग गंज सोडवणारं तेल खालून लावा, रात्रभर राहू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा. तेल वरून डोक्यावर ओतून फारसा उपयोग होत नाही. गंज खालच्या टोकाला असतो.

सॉकेट सहा कोनांचा घ्या, बारा कोनांचा बोल्टचं डोकं गोल करून टाकतो. डोक्यात चांदणीच्या आकाराची खाच असेल तर टी ५० किंवा त्याच्या आसपासचा बिट लागतो. ती खाच आधी सुईने टोकरून साफ करा, कारण तळाशी धूळ घट्ट बसलेली असते आणि बिट अर्धाच बसला तर खाच घसरून जाते. बिट पूर्ण बसल्यावर त्याच्या टोकावर हातोडीचे दोन सरळ ठोके द्या. आट्यांमधला गंज फुटायला तेवढं पुरतं. पहिला झोका किंचित घट्ट करायच्या दिशेने द्या, मग सोडवायच्या. सुटला की एक फेरी सोडवा, अर्धी परत आत घाला, तेल लावा, पुन्हा सोडवा. हे कंटाळवाणं आहे, पण बोल्ट शाबूत निघतो. गॅसची ज्योत इथे वापरू नका. पत्र्यावर डांबरी पट्टे आणि गालिचा असतो, खालून ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या गेलेल्या असतात, आणि सीटमध्ये एअरबॅग असेल तर आग जवळ नेण्याचा प्रश्नच येत नाही.

एखादा बोल्ट ऐकतच नसेल तर त्याचं डोकं ड्रिलने उडवा. ग्राइंडरच्या ठिणग्या फोमवर पडतात, म्हणून ड्रिल बरं. डोकं गेलं की सीट उचलता येते आणि उरलेल्या खुंटाला घट्ट धरणारी पक्कड लावून तो सावकाश काढता येतो. नट त्याला धरणाऱ्या पत्र्याच्या पिंजऱ्यात फिरत असेल तर खालून वाट आहे का बघा, आणि नट व पिंजरा यांच्यामध्ये पातळ छन्नी ठोकून त्याला अडवा. नटच गेला असेल तर योग्य दर्जाचा नवा नट जाड पट्टीवर वेल्ड करून ती पट्टी तळाला बसवावी लागते. पत्र्यात रिव्हेटसारखे दाबून बसवायचे आटेदार नट मिळतात. सामान ठेवायच्या कप्प्याला ते ठीक, सीटला अजिबात नाही.

सगळं सुटलं की सीट मागे कलती करून तिच्याखालचे उरलेले जोड, क्लिपा आणि वायर बांधायच्या पट्ट्या पाहा. फोनमध्ये फोटो काढून ठेवा, वायर कुठून वळते हे नंतर आठवत नाही. हाताने सरकवायची सीट १२ ते २० किलो भरते, मोटारींची त्याहून बरीच जड. रेलच्या कडा धारदार असतात, त्यामुळे दाराच्या उंबऱ्यावर आणि दाराच्या आतल्या पॅनलला जाड कापड लावा, हातमोजे घाला, पाठ पुढे दुमडा आणि दोघांनी मिळून बाहेर काढा. एकट्याने काढताना सीटपेक्षा कंबरच आधी जाते. आणि सीट बाहेर आल्यावर सरकवायची कळ ओढू नका. दोन्ही रेल एकमेकींपासून सुटून वेगवेगळ्या जागी गेल्या की परत बसवताना चारपैकी दोन भोकं जुळत नाहीत.

सीट बाहेर असताना दिसणारा तळ पुन्हा लवकर दिसणार नाही. गालिच्याच्या खाली हात घालून दाबा. ओल असेल तर पाणी कुठून येतं ते शोधल्याशिवाय सीट बसवू नका. दाराची रबरं, विंडस्क्रीनची कड, सनरूफची निचरा-नळी, हीटरची गळती, एसीचा तुंबलेला निचरा, तळातली निसटलेली रबरी बुचं, असा शोध घ्या. हीटरच्या पाण्यात कूलंट असतं, ते बोटांना किंचित बुळबुळीत आणि वासाला गोडसर लागतं, त्यावरून फरक कळतो. मग डांबरी थर जिथे फुगलेला दिसतो तिथे खरवडून पाहा आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक पत्र्यावर दाबा. पत्रा टणक लागला तर गंज खरवडून प्रायमर आणि रंग. टोक आत गेलं तर तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. फायबर किंवा पुटीने भोक भरून त्यावर सीट बसवणं म्हणजे दोष लपवणं आहे, आणि तो टकरीच्या क्षणी उघड होतो.

याच वेळी पट्टेही तपासा. पट्टा पूर्ण बाहेर ओढून कडा पाहा; दोरे सुटलेले किंवा ऊन लागून फिके आणि कडक झालेले असतील तर पट्टा बदला. बकल लावून झटका द्या, सोडून पाहा. बकलच्या बोल्टला बहुधा खांदा असलेली बाही असते, जिच्यामुळे बोल्ट पूर्ण घट्ट होऊनही बकल मोकळं फिरतं. ती बाही आणि लाटेदार वॉशर हरवू नका. पुष्कळ गाड्यांत पट्ट्याच्या बोल्टचे आटे मेट्रिक नसून सात-सोळांश इंचाचे, इंचाला २० असे असतात. त्याचा व्यास ११.१ मिलिमीटर भरतो. तिथे १० मिलिमीटरचा बोल्ट सैल शिरतो आणि धरल्यासारखा वाटतो, पण भार आल्यावर सुटून येईल. सुटा बोल्ट कुठला हे ओळखता येत नसेल तर तो वापरू नका.

जुन्या सीटच्या आतल्या कामाबद्दल थोडंसंच सांगतो. पॉलियुरेथेनचा फोम जुना झाला की भुगा होतो, त्याहून जुन्या सीटमध्ये नारळाचा काथ्या किंवा घोड्याचे केस रबरात बांधून भरलेले असतात. उंदरांनी घर केलेलं असणंही नवं नाही. उघडताना तोंडावर मास्क हवा. आवरण तारेच्या कड्यांनी आणि शिवणीतल्या लांब तारांनी खाली ओढलेलं असतं. कड्या कापून नव्या लावा, तारा मात्र जपून ठेवा, कारण आवरणाचा आकार त्यांच्यावर अवलंबून असतो. फोमखालच्या नागमोडी स्प्रिंगांपैकी एखादी निसटलेली असली की बैठक एका बाजूला खचते आणि लोक फोमला दोष देतात. आधी स्प्रिंगा पाहा. एअरबॅग असलेल्या सीटवर मिळेल ते आवरण चढवू नका. त्या बाजूची शिवण ठरलेल्या जागी फाटावी अशी मुद्दाम केलेली असते.

आता मुख्य निवड: त्याच मॉडेलची सीट की दुसऱ्या गाडीची? माझं मत स्पष्ट आहे. रोज वापरायच्या गाडीला त्याच मॉडेलची, त्याच काळातली सीट घ्या. तरीही ती तपासून घ्यावी लागते. दोन दारांच्या आणि चार दारांच्या गाडीच्या रेल वेगळ्या असू शकतात. डावी सीट उजवीकडे चालत नाही, कारण बकल आणि कळ बाजूप्रमाणे असतात. मोडीत निघालेल्या गाडीची सीट असेल तर ती गाडी मोठ्या धडकेत होती का, हे विचारा आणि सांगाडा उलटा करून पाहा. वाकलेली रेल, ताणलेली बोल्टची भोकं, वेल्डजवळ उडालेला रंग दिसला तर सीट सोडून द्या. पट्टा खेचणारी यंत्रणा एकदा उडाली असेल तर बकल आखडून खाली गेलेलं असतं, तेही घेऊ नका.

दुसऱ्या गाडीची सीट बसवण्यात नुसती भोकं जुळवणं एवढाच प्रश्न नसतो. आतली रेल बोगद्याच्या (गाडीच्या तळातल्या मधल्या उंचवट्याच्या) बाजूला आणि बाहेरची दाराच्या बाजूला वेगवेगळ्या उंचीवर असते, आणि हा फरक प्रत्येक गाडीचा निराळा. तो भरून काढायला लोक बोल्टखाली वॉशरांची चळत किंवा नळीचे तुकडे घालतात. तसं केलं की बोल्ट ओढला जाण्याऐवजी वाकवला जातो, आणि वाकवण्याला बोल्ट फार कमी टिकतो. उंची साधायचीच असेल तर जाड पोलादाचा, दोन्ही टोकांना पाय असलेला, नीट वेल्ड केलेला ब्रॅकेट लागतो आणि तो मूळच्या माउंटवरच बसला पाहिजे. नुसत्या तळाच्या पत्र्याला नवी भोकं पाडू नका. तो पत्रा मिलिमीटरभर जाडीचाही नसतो, बोल्टचं डोकं त्यातून आरपार उपटून निघतं. मोटार शर्यतींच्या एफआयए नियमांत सीटचे आधार तळाला जोडताना प्रत्येक जागी निदान ४० चौरस सेंटिमीटर संपर्काचा भाग, पत्र्याच्या दुसऱ्या बाजूने लावायची, पोलादाची असेल तर ३ मिलिमीटर जाडीची पट्टी आणि किमान ८ मिलिमीटरचे चार बोल्ट सांगितले आहेत. रस्त्यावरच्या गाडीत नवीन जागी जोडणी करायची झाली तर याहून कमी करण्यात अर्थ नाही.

उंची बदलली की पट्ट्याची रेषाही बदलते. कमरेचा पट्टा कटिच्या हाडांवर बसला पाहिजे. सीटच्या मानाने बकल उंच आलं तर पट्टा पोटावर चढतो; धडकेत अंग त्याच्या खालून पुढे घसरतं आणि पोटातल्या अवयवांना इजा होते. बसून पाहताना डोकं आणि छत यांत हाताचा पंजा मावतो का, पेडल पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो का, मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पाठ न उचलता टेकतं का, हेही बघा. शिवाय सीट सर्वात पुढे असताना हातब्रेक वर येतो का, आणि दार बंद होताना पॅनल घासतं का.

आणि वायरिंग. एअरबॅग असलेल्या गाडीत एअरबॅग नसलेली सीट बसवून जोडात रोधक (एअरबॅग जोडलेली असल्याचा भास देणारा रेझिस्टर) लावायचा आणि दिवा विझवायचा, हा उपाय खूप ठिकाणी सुचवला जातो. करू नका. पुढे गाडी घेणाऱ्याला दिवा विझलेला दिसेल आणि एअरबॅग आहे असं वाटेल. प्रवाशाच्या सीटमध्ये वजन ओळखणारी गादी असेल तर ती त्याच फोमसोबत मोजमाप करून बसवलेली असते. बैठक बदलली की एअरबॅग उडवायची की नाही, हा तिचा निर्णय चुकू शकतो. अशा सीटचा फोम बदलताना गादीसह पूर्ण संच बदला आणि कंपनीच्या पद्धतीने पुन्हा मोजमाप करून घ्या. सीट बदलण्याबाबत नोंदणी आणि विम्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, ते काम सुरू करण्याआधी वाचा.

बसवताना रेल साफ करा. त्यात नाणी, केस, वाळलेलं ग्रीस अडकलेलं असतं. पांढरं लिथियम ग्रीस पातळ लावा, जास्त लावलं तर ते धूळ धरतं. जिथे दात खाचेत बसतो तिथला गंज काढा आणि कळ सोडल्यावर दोन्ही बाजूंचे दात एकाच वेळी पूर्ण बसतात का ते पाहा. नटचे आटे योग्य मापाच्या टॅपने (आटे पाडायच्या अवजाराने) हाताने साफ करा, पण माप आधी खात्री करून घ्या, कारण १० मिलिमीटरच्या बोल्टचे आटे १.२५ आणि १.५ मिलिमीटर अशा दोन अंतरांचे असतात आणि चुकीचा टॅप आटे खाऊन टाकतो.

बोल्ट गंजले असतील तर नवे घ्या, मूळच्याच दर्जाचे. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे ताणशक्ती ८०० मेगापास्कल आणि दुसरा म्हणजे तिच्या ८० टक्क्यांवर धातू कायमचा लांबायला लागतो. आकडा नसलेला बोल्ट सीटला लावू नये. स्टेनलेस चमकतो म्हणून तोही नको. नेहमी मिळणारा ए२-७० स्टेनलेस बोल्ट ८.८ पेक्षा कमी ताकदीचा असतो.

सीट आत ठेवली की आधी वायरी जोडा, मग चारही बोल्ट बोटांनी तीन-चार फेऱ्या शिरवा. पहिला घट्ट केला आणि चौथ्याचं भोक जुळलं नाही, मग पहारीने सीट ढकलली, असं करायचं नाही. त्यात आटे जातात. हलकेच टेकवल्यावर सीट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे न्या. या हालचालीत दोन्ही रेल आपोआप समांतर होतात. मगच टॉर्क पाना. आकडा मॅन्युअलचा. सर्वसाधारण कोष्टकात ८.८ दर्जाच्या ८ मिलिमीटरच्या बोल्टला सुमारे २५ आणि १० मिलिमीटरच्या बोल्टला सुमारे ५० न्यूटन-मीटर येतात, यावरून मॅन्युअलचा आकडा वाचताना चूक झाली का हे ताडता येईल. आट्यांना तेल लावून तोच आकडा दिला तर घर्षण कमी असल्यामुळे बोल्ट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो, म्हणून आटे कोरडे ठेवा. मूळ बोल्टच्या आट्यांवर रंगीत चिकट लेप असेल तर नव्यावरही तसाच लेप किंवा मध्यम ताकदीचा लॉक करणारा द्रव हवा.

मागच्या सीटचं काम बहुतेक वेळा लवकर होतं. बैठक पुढच्या कडेला दोन क्लिपांत अडकलेली असते: काही गाड्यांत कडेशी धरून सरळ वर झटका द्यायचा, काहींत आधी मागे दाबून मग उचलायचं. पाठ खालून दोन बोल्टने आणि वरून आकड्यांवर टांगलेली असते. परत बसवताना पट्ट्यांची बकलं बैठकीखाली दबली नाहीत ना, हे पाहा. काही गाड्यांची बॅटरीच मागच्या सीटखाली असते. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये ती उजव्या बाजूला आहे. तिच्यावरचं झाकण गहाळ असेल आणि कुणी वजनदार माणूस बसला, तर सीटच्या स्प्रिंगा बॅटरीच्या टोकांना टेकून सीटमधलं भरण पेटतं. अशा गाडीत झाकणाशिवाय सीट परत ठेवू नका.

शेवटी बॅटरी जोडा. एअरबॅग असलेल्या गाडीत टोक जोडताना गाडीत कुणी नको, किल्ली बंद हवी. मग किल्ली फिरवा: एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. सीटवर बसा, पाय समोर रेटून पाठ जोराने मागे दाबा, प्रत्येक खाचेत हे करून पाहा. एखाद्या खाचेतही सीट सटकली तर ती गाडी रस्त्यावर नेऊ नका, कारण वेगात ड्रायव्हर मागे गेला की पाय ब्रेकपर्यंत पोचत नाही. काही शे किलोमीटर झाल्यावर चारही बोल्टना पुन्हा टॉर्क पाना लावून पाहा, मगच वरच्या टोप्या बसवा.

काढलेल्या जुन्या सीटमध्ये एअरबॅग असेल तर ती कोरड्या जागी उभी ठेवा, एअरबॅगची बाजू मोकळी राहील आणि भिंतीला किंवा दुसऱ्या सामानाला टेकणार नाही अशी. जोड उघडा सोडू नका. भंगारात देताना आत एअरबॅग आहे हे तोंडी सांगा आणि सीटवर मोठ्या अक्षरांत लिहूनही ठेवा; ती सीट नंतर गॅस कटरने कापणाऱ्या माणसाला हे दुसरं कुणी सांगणार नसतं.